आबांचा डावा हात

आमच्या घराला विमानाचा आवाज आधी पत्र्यांतून कळायचा. गोठ्यावरचे पत्रे थरथरू लागले की म्हैस कान मागे टाकायची, आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायची, "निगालं बग येक," आणि मग माळाच्या बाजूने घरघर ऐकू यायची. सातारा आणि सांगली यांच्या साधारण मध्यावर, मोठ्या रस्त्यापासून आत आमचं गाव. गावाच्या वर खडकाळ माळ, माळावर डांबराची पट्टी, आणि पट्टीच्या कडेला आमचं तीन खोल्यांचं घर. तिथे विमान चालवायला शिकवणारी एक छोटी शाळा निघाली, तेव्हा पट्टीवर राखणदार हवा होता, आणि आबा नुकतेच फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले होते. पट्टीवर गुरं येऊ द्यायची नाहीत, दगडगोटे वेचायचे, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती लांबडी पिशवी फाटली तर शिवून परत खांबावर चढवायची, असं त्यांचं काम. गावातले लोक त्या पिशवीला पायमोजा म्हणायचे. आबांना ते आवडत नसे. ते तिला 'निशाण' म्हणत, आणि दिवसातून दोनदा तिच्याखाली ताठ उभे राहून वर बघत.

आबा ताठच होते, सगळ्याच बाबतीत. चहा किती वाजता, केस किती आखूड, चपला कुठे काढायच्या, सगळ्याला नेम. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, हवालदारच म्हणत. भांडण लागलं की लोक त्यांच्याकडे येत, कारण हवालदार कुणाला भीत नाही आणि खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर ते पहाटे पूर्व उजळण्याइतकं ठाऊक होतं. मी सोळा वर्षांची होते, एकुलती एक, आणि माझा बाप कशाला तरी घाबरेल अशी कल्पनासुद्धा मी कधी केली नव्हती.

सुकुमारदादा आमच्याकडे राहायला आला तो शाळेच्या मुख्य साहेबांच्या शब्दावरून. शिकणाऱ्या बाकीच्या मुलांची सोय शाळेच्या चाळीत होती. पण हा सांगलीच्या जैन घरातला, हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्याला चाळीतलं जेवण चालेना. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि सूर्य मावळल्यावर घास नाही. आई पहिल्या दिवशी डोक्याला हात लावून बसली. "आवं, कांदालसूण न्हाई मग कालवणाला चव कशाची येणार?" दुसऱ्या दिवशी तिने नवी पातेली काढली, वेगळा पाटावरवंटा घासूनपुसून ठेवला, आणि महिनाभरात ती हिंगाच्या फोडणीची मुगाची आमटी अशी करू लागली की आबाही वाटी पुढे करायचे. पाणी गाळून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी आबांचं मटण मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर शिजायचं, आणि तो वास आला की सुकुमारदादा हसत पुस्तक घेऊन पट्टीकडे फिरायला जायचा. पुढे पुढे तर आमचं सगळ्यांचंच जेवण दिवस असताना होऊ लागलं. त्याच्या एकट्यासाठी ताट वाढायचं आईला बरं वाटेना. आज इतक्या वर्षांनी, डॉक्टर मला लवकर जेवायला सांगतात तेव्हा मी म्हणते, ते आम्ही आधीच शिकलोय.

आबांचं आणि त्याचं एक वेगळंच गूळपीठ होतं. तो विमान उतरवून आला की आबा त्याची हजेरी घ्यायचे. "आज दोनदा आपटलंस. म्या मोजलं." तो म्हणायचा, "आबा, आपटलं नाही, जरा जोरात टेकलं." "आमच्यात त्येला आपटनंच म्हनत्यात, गड्या." मग दोघं हसायचे. त्याचे वडील मात्र कधी आले नाहीत. एकुलता मुलगा पेढीवर बसायचं सोडून आभाळात फिरतो, हे त्यांना मान्य नव्हतं. पत्र आलं तरी त्यात एकच वाक्य असे, आता पुरे, घरी ये. ते पत्र वाचून झालं की सुकुमारदादा घडी करून खिशात ठेवायचा आणि आईला विचारायचा, "मावशी, आज भाजी काय?"

अखेर त्याला बरोबर माणसं घेऊन उडायची परवानगी मिळाली. त्या दिवशी तो घरात आला आणि आईच्या आणि आबांच्या पाया पडला. म्हणाला, "पहिली माणसं तुम्ही. साहेबांना विचारलंय मी. उद्या सकाळी तिघंही चला, कृष्णेवरून एक चक्कर मारून आणतो." आई दोन्ही हात हलवत मागे सरकली. "मला न्हाई जमायचं बाबा. मी खालनंच बगीन. इंदू, तू जा." दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि जुने फौजी बूट चमकवले होते.

ते चार जणांचं विमान होतं, पंख खाली असलेलं. त्याला दार एकच, उजव्या बाजूला. पंखावर पाय देऊन चढायचं. मी मागे बसले, सुकुमारदादा आत सरकून पुढच्या डाव्या जागेवर, आणि शेवटी आबा त्याच्या उजवीकडे, दाराला लागून. दोघांच्याही समोर एकेक सुकाणू होतं, कारण विमान शिकवण्याचं. एक हलवलं की दुसरंही हलायचं. सुकुमारदादाने सांगितलं, "आबा, याला हात लावायचा नाही हं. आणि दाराला दोन कड्या आहेत, एक बाजूला, एक वर. दोन्ही लावा." आबांनी दार ओढलं, खटका वाजला. "वरची लावली?" सुकुमारदादाने विचारलं. इंजिन सुरू झालं होतं, आवाज फार होता. "लावली, लावली. फौजेत ट्रकाची दारं लावून म्हातारा झालो म्या," आबा ओरडून म्हणाले. मी मागून बघत होते. आबांनी एकच कडी लावली होती. पण वरची कुठली ते मलाही कळलं नव्हतं, आणि आबा लावली म्हणाले म्हणजे ती लावलेली असणार.

बाहेर आई पदर डोक्यावर घेऊन घराच्या दारात उभी दिसली. विमान पळू लागलं. सुरुवातीला ते एसटीसारखंच खडखडत होतं, मग खडखड कमी होऊन पोटात काहीतरी हलकं हलकं वाटू लागलं. मी हसत होते, ते नीट आठवतं. आणि तेवढ्यात धाडकन आवाज झाला. दार वरून वीतभर उघडलं आणि वारा किंचाळत आत घुसला. कागद उडाले, माझी वेणी तोंडावर आली. आबांच्या दाराच्या फटीतून जमीन पळताना दिसत होती. आबांनी उजव्या हाताने दार धरलं आणि डाव्या हाताने समोरचं सुकाणू. धरलं आणि छातीशी ओढलं, बुडणारा माणूस दोर ओढतो तसं. विमानाचं नाक वर उसळलं, मग एका बाजूला कलंडलं. सुकुमारदादा ओरडला, "आबा, सोडा! हात सोडा!" आबांनी सोडलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा तो डावा हात होता, मनगटावरचं घड्याळ, पांढरी पडलेली बोटं. आबांच्या तोंडून आवाज येत होता, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही. सुकुमारदादाने इंजिन बंद केलं, विमान आपटून चाकांवर आलं, त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबले, पण पट्टी उरली नव्हती. चाकं डांबर सोडून खडकावर गेली, मग चर आला, नाक चरावर आदळलं आणि आम्ही पलीकडच्या उसात घुसलो.

सगळं थांबल्यावर आधी शांतता होती. मग पेट्रोलचा वास आला. माझं तोंड पुढच्या खुर्चीवर आपटलं होतं, तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा. सुकुमारदादाचा डावा पाय पुढच्या पत्र्यात अडकला होता आणि तो अगदी हळू आवाजात म्हणत होता, "इंदू, बाहेर पड. आधी तू." त्याच क्षणी आबा पुन्हा आमचे आबा झाले. त्यांनी दार लाथेने उघडलं, मला ओढून पंखावरून उसात फेकलं, आणि परत आत गेले. पत्र्याशी कशी झटापट केली देव जाणे. सरसर उसाची पानं तुडवत लोक धावत येईपर्यंत आबांनी त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं होतं. विमान पेटलं नाही. पण पेटेल असं वाटत असताना ते आत गेले होते, हे सगळ्या गावाने पाहिलं. आई अनवाणी धावत आली होती. तिने माझं तोंड पदराने पुसलं आणि मग सुकुमारदादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली, जीप येईपर्यंत.

त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. गावात दुसऱ्या दिवसापासून दोनच गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे, पोरगं कच्चं निघालं, दार उघडल्याबरोबर घाबरलं आणि विमान उसात घातलं. दुसरी म्हणजे, हवालदारानं जिवावर उदार होऊन त्याला वाचवलं. पंचायतीची माणसं घरी आली, शाल-नारळ देऊन सत्कार करायचा म्हणाली. आबांनी ताप आहे सांगितलं. ताप नव्हता. ते पट्टीवर जायचे, निशाणाकडे न बघता परत यायचे, आणि ताटावर बसले की दोन घासांत उठायचे. आई विचारायची, "काय हुतंय तुमास्नी? डोक्याला मार लागलाय का?" ते म्हणायचे, "काय न्हाई." माझ्याकडे ते बघत नसत. मीही त्यांच्याकडे बघत नसे. मी पाहिलंय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला.

चौकशीचे साहेब आले ते पिकल्या केसांचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. आईने दिलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला, त्यामुळे आमची भीती थोडी कमी झाली. सुकुमारदादाचा जबाब त्यांनी आधीच घेतला होता. दार उघडलं, मी दचकलो आणि विमान थांबवलं, असं तो म्हणाला होता. आबांनी सांगितलं, "दार म्या लावलं हुतं. ते उघडलं. मग इमान थांबलं." एवढंच. मग साहेब माझ्याकडे वळले. "मुली, तू तर बरोबर मागे होतीस. तुला काय दिसलं?" आबा उंबऱ्यात उभे होते, पाठमोरे. मी म्हणाले, "मी डोळे मिटले होते." साहेबांनी लिहून घेतलं. मला वाटलं होतं आबांची पाठ आता सैल पडेल. ती पडली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आईने डबा भरला आणि आबांना म्हणाली, "आज तुमी जावा सांगलीला. रोज मीच जाती. पोरगं इचारतंय तुमास्नी." मग मी आणि आबा एसटीने निघालो. दवाखान्यात सुकुमारदादा पाय वर बांधून पडला होता, गालाची हाडं वर आलेली. शेजारी स्टुलावर धोतर-टोपीतले उंच गृहस्थ बसले होते. आम्हाला पाहताच ते उठले आणि आबांचे दोन्ही हात धरले. ते त्याचे वडील. "हवालदार, तुमी माझ्या घराचा दिवा राखलासा. तुमचं उपकार कसं फिटायचं?" आणि मग मुलाकडे वळून, जणू तो तिथे नाहीच अशा आवाजात, "आठ दिस सांगतोय त्येला. दार उघडलं म्हनून ज्येला घाम फुटतो त्येनं आभाळात जाऊ न्हाई. भित्र्याचं काम न्हाई त्ये. आता पेढीवर बस म्हणावं गुमान."

सुकुमारदादा भिंतीकडे बघत होता. आबांनी हात सोडवून घेतले. मला वाटलं ते डबा ठेवून निघणार. त्यांनी टोपी काढली. आबा देऊळ सोडून कुठे टोपी काढत नसत.

"शेट," ते म्हणाले, "भित्रं तुमचं पोरगं न्हाई. भ्यालो म्या."

"आबा, कशाला आता..." सुकुमारदादा उठायला लागला.

"तू गप. म्हंजी बगा शेट, वरची कडी म्या लावलीच न्हवती. दार उघडलं, आनि म्या त्या सुकाणूला झोंबलो. ह्यो वरडत हुता हात सोडा म्हनून. म्या सोडला न्हाई. सुटंना मला. म्या धरलं नसतं तर ह्येनं इमान वर नेऊन, एक फेरा मारून, गपगुमान खाली आणलं असतं. त्येचा पाय म्या मोडला. आनि तुमी माझंच हात धरताय."

शेट खाटेजवळ सरकले. मग मुलाला विचारलं, "खरं हाय?" सुकुमारदादाने छताकडे बघत मान हलवली. "मग बोलला का न्हाईस?" त्यावर तो जे म्हणाला ते मी जन्मात विसरणार नाही. "बाबा, मला त्या गावात कोण ओळखतंय? मी भित्रा ठरलो तर गाव सोडून जाईन. ह्यांना तिथंच राहायचंय." मग तो म्हणाला, "आणि दार हात लावून बघायचं काम माझं होतं. मी नुसतं विचारलं."

शेट परत स्टुलावर बसले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी तोंडावर धरला. "आठ दिस," ते टॉवेलातूनच म्हणाले, "आठ दिस मी त्येला भित्रा म्हणतोय. ऐकून घेत हुता." मग त्यांनी आईचा डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि स्वतःच्या हाताने मुलाला भरवला. लहान मुलाला भरवतात तसा.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आबांनी मला पहिल्यांदा विचारलं, "डोळं मिटलं हुतंस म्हनून का सांगितलंस?" मी म्हणाले, "तुमच्यासाठी." ते थांबले. "मला वाटलंच. तुला खोटं बोलायला म्या लावलं. त्ये लय वाईट झालं, इंदे. पायापरास वाईट."

चौकशीचे साहेब साताऱ्याच्या विश्रामगृहात उतरले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. आबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. साहेब म्हणाले, "हवालदार, हे आपण होऊन सांगायला आलात, बरं केलंत. पण दाराची चूक तरी त्या मुलाकडे राहणारच." आबा म्हणाले, "त्येची त्येला राहू द्या साहेब. माझी तेवढी माझ्याकडं द्या." मग मला विचारलं गेलं. मी म्हणाले, "मी डोळे मिटले नव्हते. मला सगळं दिसलं." साहेबांनी जुना कागद पुढे घेतला, माझं जुनं वाक्य खोडलं नाही, त्याखाली नवीन लिहिलं आणि मला सही करायला सांगितली. माझी ती पहिली सही. नावातल्या 'दू'चा उकार ओळीबाहेर गेला.

अहवालात काय आलं ते मुख्य साहेबांनी घरी येऊन वाचून दाखवलं. दार स्वतः तपासलं नाही, शेजारी बसणाऱ्याला पुरेसं समजावलं नाही, हा चालकाचा दोष. पण सुकाणू दुसऱ्याच्या हातात अडकल्यावर उड्डाण सोडून विमान थांबवणं, हा निर्णय बरोबर. वर गेले असते तर तिघंही राहिले नसते. ते 'बरोबर' वाचताना मुख्य साहेब थांबले, आणि आईने डोळ्यांना पदर लावला. सुकुमारदादाचं उडणं बरेच महिने बंद राहिलं, पाय सांधायलाच तेवढे लागले. मग एक दिवस शेट स्वतः त्याला आमच्या दारात घेऊन आले, हळदीचं पोतं खांद्यावर टाकून आणलेल्या माणसासारखे घामाघूम, आणि आईला म्हणाले, "बाई, ह्येला परत ठेवून घ्या." तो शिकला, शिकवू लागला, पुढे मोठी विमानं चालवायला लांब निघून गेला. थोडा लंगडायचा. अजूनही लंगडतो. दिवाळीला त्याचा फोन येतो.

आबांचा सत्कार झाला नाही, हे सांगायला नको. उलट चहाच्या टपरीवर पोरंटोरं विचारायची, "हवालदार, कडी लावली का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं. आबा शांतपणे म्हणाले, "येकच लावली," आणि चहा प्यायले. असं काही महिने चाललं, मग विचारणारेच कंटाळले. भांडणं घेऊन लोक काही दिवस आमच्याकडे आले नाहीत. नंतर आले. आधीपेक्षा जास्त आले, असं आई म्हणायची. तिचं मत तिच्या नवऱ्याच्या बाबतीत कितपत धरावं, मला माहीत नाही.

माझं लग्न झालं, मुलं झाली, मुलांना ही गोष्ट फार आवडायची. आबा सत्तरी ओलांडून माझ्याकडे येऊन राहायचे तेव्हाही मुलं मागे लागत, विमान उसात गेलं ते सांग. मी सांगू लागले की हटकून त्या जागी जरा मऊ व्हायचे. म्हणायचे, "मग दार उघडलं, आणि त्या गोंधळात आजोबांचा हात लागला..." कोपऱ्यात खाटेवर डोळे मिटून पडलेले आबा तिथूनच म्हणायचे, "गोंधळ न्हाई. हात लागला न्हाई. म्या भ्यालो आनि धरलं. तसं सांग." दर वेळी. शेवटच्या आजारात, बोलणं तुटक झालं होतं तेव्हासुद्धा, नातवाने विचारलं आणि मी सांगताना घसरले, तर त्यांनी चादरीतून बोट वर केलं. मी वाक्य परत म्हटलं, त्यांना हवं तसं. मग त्यांनी बोट खाली घेतलं.

ते गेल्याला आता कित्येक वर्षं झाली. ही गोष्ट लिहिताना त्या जागी पोचले आणि जुन्या सवयीने हात मऊ शब्द शोधू लागला. खाटेकडून कुणी बोलणार नव्हतं. मी ती ओळ खोडली आणि पहिल्यापासून लिहिली.